बाहेरची फ्लॉपी

रत्नागिरीत मी नोकरीला लागले ती मासळीचा अभ्यास करणाऱ्या एका लहानशा संस्थेत. मिरकरवाड्याच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिची बैठी कौलारू इमारत होती. आत साहेब, दोन संशोधक, एक हेडक्लार्क, एक शिपाई, धक्क्यावर जाऊन मासे मोजणारे काका, आणि मी. घर लांज्याला, म्हणून रत्नागिरीत एका शिक्षकांच्या घरी खोली घेऊन राहायची आणि शनिवारी एसटीने घरी जायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. संस्थेत वर्षभरापूर्वी कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवणारी पहिली मुलगी सोडून गेल्यावर मला घेतलं होतं.

कॉम्प्युटरच्या खोलीला एसी होता. खुद्द साहेबांच्या केबिनमध्ये पंखा, आणि यंत्राला एसी, याचं शिपायाला फार नवल वाटे. चपला दाराबाहेर काढायच्या, यंत्रावर जाड कापडाचं आच्छादन घालायचं, खडू-डस्टर आत आणायचं नाही, असे नियम भिंतीवर लावले होते. बाहेरून काय आत येऊ नये याची यादी मोठी होती. धूळ होती, ओल होती, मुंग्या होत्या, पाली होत्या. फ्लॉपी त्या यादीत नव्हती. तेव्हा ते कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

काका निवृत्तीला आलेले. संगमेश्वरच्या पलीकडच्या एका गावातले, शेतकऱ्याघरचे. विसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता म्हणत. पण संस्था सुरू झाली तेव्हापासून रोज सकाळी ते धक्क्यावर जात. लाँची आल्या की एकेका लाँचीतली एक पाटी मागून घेत, त्यातला एकेक मासा मापाच्या फळीवर आडवा ठेवत आणि त्याची लांबी पेन्सिलीने वहीत लिहीत. पेनाची शाई ओल्या हाताने पसरते, म्हणून पेन्सिल. बांगडा, तारली, ढोमा, मांदेली. मादी असली आणि पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, असली तर पुढे एक फुली. वीसेक वर्षं त्यांनी हे केलं होतं.

अकराच्या सुमाराला ते माझ्या दारापर्यंत येत आणि वही आत सरकवत. स्वतः आत येत नसत.

"या ना काका."

"नको बाय. पायाला खवलं हायत."

मी आकडे यंत्रात घालायची आणि वही परत द्यायची. जुन्या सगळ्या वर्षांचे आकडेही मी आणि माझ्या आधीच्या मुलीने मिळून, रोजच्या कामातून वेळ काढत, दीड वर्षात चढवले होते. ते झाल्यावर साहेबांनी जुनी पक्की रजिस्टरं काढून टाकली, कारण ती दोन कपाटं अडवत होती. काकांच्या कच्च्या वह्याही त्यांच्याबरोबर जायच्या होत्या. काका केबिनबाहेर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, वह्या मी नेऊ का घरी?" साहेब पुण्याकडचे, मनाने सरळ, पण घाईचे. ते म्हणाले, "न्या हो, पण करणार काय त्यांचं?"  सायकलवर तीन खेपा करून काकांनी वह्या आपल्या भाड्याच्या खोलीवर नेल्या.

त्या हिवाळ्यात मला दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला पाठवलं. वर्गातल्या एका मुलीशी माझी मैत्री झाली. शेवटच्या दिवशी तिने मला एक फ्लॉपी दिली. तिच्यात एक खेळ होता. पडद्यावर वरून अक्षरं गळायची आणि ती खाली पोचायच्या आत आपण तेच अक्षर दाबायचं. टायपिंगचा वेग वाढतो, म्हणाली. मी ती फ्लॉपी साडीच्या घड्यांमध्ये ठेवून रत्नागिरीला आणली.

जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून, मी तो खेळ खेळायची. कोणी मना केलं नव्हतं, पण परवानगीही घेतली नव्हती. एका दुपारी खेळता खेळता वीज गेली. रत्नागिरीत वीज जाणं रोजचंच. मी डबा खायला व्हरांड्यात गेले. वीज आली, यंत्र आपोआप सुरू झालं आणि आत राहिलेल्या त्या फ्लॉपीवरूनच जागं व्हायला गेलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चुकल्याची सूचना आली. मी फ्लॉपी काढली, एक बटण दाबलं, यंत्र नेहमीसारखं चालू झालं. दहा सेकंदांची गोष्ट. मी ती तेव्हाच विसरले.

एप्रिलच्या शेवटाला एके सकाळी मी ढोम्याचे आकडे घालत असताना पडद्याच्या कोपऱ्यातून एक पांढरा ठिपका निघाला. तिरका खाली गेला, काठावर आपटला, परत वर गेला. आकड्यांमधून तो असा फिरत होता जसा बंद खोलीत सापडलेला किडा फिरतो. मी हसले. शिपायाला बोलावून दाखवलं. तोही हसला. मग मी यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं, तेव्हा ठिपका नव्हता. साहेबांना सांगितलं नाही.

चारपाच दिवसांनी मुख्य फाइल उघडेना. वीस वर्षांचे मासे ज्या एका फाइलीत होते, तीच. मी घाबरले. कपाटात जपून ठेवलेल्या नकलेच्या फ्लॉप्या काढल्या आणि एकेक यंत्रात घालून बघू लागले. पहिली उघडली नाही म्हणून दुसरी, दुसरी नाही म्हणून तिसरी. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते, तिच्यावर छोटी चिकटपट्टी लावली की यंत्राला त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही. पट्ट्या खोक्यातच होत्या, माझ्या हाताशी. एकीलाही मी लावली नव्हती. जी फ्लॉपी मी घातली ती त्या रोगट यंत्राने खराब केली. दुपारपर्यंत सगळं खोकं मी माझ्या हाताने बुडवलं होतं.

कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून रातराणीने आला. तरुण होता, चष्मा लावणारा. त्याने स्वतःची एक फ्लॉपी घालून यंत्र चालू केलं, पंधरा मिनिटं बघितलं आणि साहेबांना म्हणाला, "सर, व्हायरस आहे."

साहेबांना वाटलं, एसीची ओल बाधली. इंजिनिअरने समजावलं की हा कोणीतरी मुद्दाम लिहिलेला छोटा प्रोग्रॅम असतो. तो फ्लॉपीतून यंत्रात शिरतो आणि यंत्रातून दुसऱ्या फ्लॉपीत. हवेतून येत नाही, तारेतून येत नाही. कुणीतरी फ्लॉपी घातल्याशिवाय येत नाही.

"बाहेरची फ्लॉपी कोणी घातली होती का?" त्याने मला विचारलं.

साहेब माझ्याकडे बघत होते. हेडक्लार्क दारात उभा होता.

"नाही," मी म्हणाले.

तो शब्द मी इतक्या सहज कसा उच्चारला, ते मला आजही कळत नाही.

"मग कोणीतरी मुद्दाम घातली," साहेब म्हणाले. "हा गुन्हा आहे." त्यांनी शिपायाला बोलावलं. शिपाई आठवून म्हणाला की बाई रजेवर लांज्याला होत्या त्या गुरुवारी काका यंत्राच्या खोलीत होते, एकटेच, बराच वेळ. हेडक्लार्क म्हणाला, "त्यांचा या यंत्राला पहिल्यापासून विरोधच होता." वास्तविक काकांनी विरोधाचा एक शब्द काढलेला कोणी ऐकला नव्हता. वह्या घरी नेल्या, एवढंच.

संध्याकाळी काकांच्या हातात मेमो पडला. संस्थेच्या यंत्राची हेतुपुरस्सर हानी केल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.

दुसऱ्या दिवशी अकराला काका आले. माझ्यासमोर पहिल्यांदाच आत आले. पाय धुऊन आले होते, फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटले. ऑफिसचं काही लिहायचं असलं की ते नेहमी माझ्याकडे येत. रजेचा अर्ज, मुलाच्या दाखल्याचा अर्ज. माझं अक्षर त्यांना आवडायचं.

"खुलासा लिवायचा हाय," ते म्हणाले आणि मेमो टेबलावर ठेवला.

मी कागद घेतला. मान खालीच होती.

"लिव. गुरुवारी मी खोलीत गेलो व्हतो. यंत्राला हात लावला नाय."

"का गेला होता, ते लिहावं लागेल काका."

 "बघूक गेलो व्हतो. इतकी वरसं मोजलेलं मासं हयसर हायत म्हनतात. म्हटलं, दिसतात तरी कसे."

मी लिहिलं, 'जिज्ञासेपोटी गेलो होतो.' त्यांनी वाचायला सांगितलं. मी वाचलं. जिज्ञासेपोटी म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाही. सही केली, कागदाची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "झ्याक लिवलंस." मग ते गेले. फरशीवरचे ठसे वाळेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.

त्यानंतर चार दिवस गेले. चारही दिवस ते दारापर्यंत आले, वही सरकवली आणि गेले. यंत्र बंद होतं, तरी वही आणत होते. मी ती खाली बघून घ्यायची. त्या खेळाची फ्लॉपी माझ्या पर्समध्येच होती. शनिवारी एसटीने जाऊन मी लांज्याच्या स्टँडवर उतरले आणि घरी न जाता परतीच्या गाडीत बसले. आईला तोंड कसं दाखवू, असं वाटत होतं. तिला तर यातलं काही ठाऊकही नव्हतं.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि फ्लॉपी त्यांच्या टेबलावर ठेवली. काय झालं ते सांगितलं. मुंबई, खेळ, वीज गेली तो दिवस, ठिपका बघून गप्प बसले ते, नकला एकेक घातल्या ते. खोटं बोलले ते सगळ्यात शेवटी.

साहेबांनी फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "काकांचा खुलासा तुमच्या अक्षरात आहे."

"हो."

"लिहिताना काही वाटलं नाही?"

 नोकरी गेली असं मी धरून चालले होते. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. "हे सगळं लेखी द्या," ते म्हणाले. "आणि काकांना तुम्ही स्वतः सांगा. मी सांगणार नाही."

काका मागच्या पडवीत मापाची फळी घासत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि सांगितलं. सांगताना रडू येऊ नये म्हणून फार घाईने सांगितलं. त्यांनी घासणं थांबवलं नाही.

"ठाव होता मला," ते म्हणाले.

"कसं?"

"चार दीस माझ्याकडं बघीत नव्हतीस."

"खुलासा लिहून घेतलात तेव्हाही ठाऊक होतं?"

त्यांनी फळीवर पाणी ओतलं. "सरक गो बाय, भिजशील," एवढंच म्हणाले. तो प्रश्न मी नंतर कधी विचारला नाही, आणि त्याचं उत्तर मला अजूनही हवं आहे.

मेमो मागे घेतला गेला. मला लेखी ताकीद मिळाली. आणि साहेबांनी मला दोन कामं दिली. एक, यंत्राची राखण. दुसरं, वीस वर्षांचे आकडे पुन्हा भरणं. आकडे आता एकाच जागी होते, काकांच्या खोलीवर, ट्रंकांमध्ये.

जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या गेल्या आणि धक्का ओस पडला. काकांना सकाळचं काम उरलं नाही. मग ते नऊ वाजता यायचे, पाय पुसून आत बसायचे आणि वहीतून वाचायचे. मी टाइप करायची. त्या पावसाळ्यातले ते अडीच महिने मला आयुष्यात इतर कुठल्याही दिवसांपेक्षा जास्त आठवतात. का, ते नीट सांगता येणार नाही. फार काही घडत नव्हतं. बाहेर कौलांवर पाऊस, आत एसीची घरघर, आणि त्यांचा संथ, किंचित वर चढून खाली येणारा आवाज. "बांगडा, एकवीस. बांगडा, बावीस, गाबोळी. बांगडा, एकवीस." पानांना जुनी खवलं चिकटलेली असत, ती नखाने काढून ते टेबलाच्या काठावर रचून ठेवत.

मधेच ते थांबायचे. वहीच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं असे. पाणी गढूळ. आज मतलई नाही. धक्क्याशी जेलीफिश फार. ही टिपणं पक्क्या रजिस्टरात कधी उतरलीच नव्हती, म्हणून यंत्रातही आधी गेली नव्हती. मतलई म्हणजे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे सुटणारा वारा, हे त्यांनीच मला सांगितलं. मी फाइलीत शेऱ्याचा एक नवा रकाना पाडला आणि रोमन अक्षरात 'matalai nahi' असं टाइप केलं. त्यांना पडद्याजवळ बोलावून दाखवलं.

"हा माझा वारा?"

"हो."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. त्या दिवसापासून ते माझ्या शेजारी बसून वाचू लागले.

एका ट्रंकेत वाळवी लागली होती. दोन वर्षांच्या वह्या हाताला नुसत्या भुग्यासारख्या लागल्या. "वाळवीन खाल्लान," म्हणून त्यांनी ट्रंक बंद केली. मी म्हणाले, "काका, साधारण तुम्हाला आठवत असेल ना? मागच्या-पुढच्या वर्षांसारखंच असणार." त्यांना खरंच पुष्कळ आठवत होतं. कुठल्या वर्षी तारली आलीच नाही, कुठल्या वर्षी बांगडा लहान निघाला, सगळं. पण ते मान हलवून म्हणाले, "जो फळीवर ठेवला नाय, तो मोजला नाय. ती जागा मोकळी ठेव." ती दोन वर्षं आम्ही मोकळीच ठेवली.

राखणीचं काम मी फार कडक केलं. दारात एक वही ठेवली. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक फ्लॉपीची तिच्यात नोंद, कोणी आणली, कुठून, कशासाठी. इंजिनिअरने एक शुद्ध फ्लॉपी करून दिली होती, यंत्र संशयात असलं की तिच्यावरून चालू करायचं, बाहेरची फ्लॉपी तिच्यातल्या प्रोग्रॅमने तपासायची. तिच्या खाचेवर पट्टी, ती डब्यात, डबा कपाटात, चावी माझ्या गळ्यात. वीज गेली की आधी फ्लॉपी बाहेर काढायची, मग दुसरं काही. नकलांचे दोन संच, त्यातला एक साहेबांच्या घरी. एकदा मुंबईहून आलेले एक मोठे अधिकारी आपली फ्लॉपी घेऊन थेट यंत्राकडे गेले. मी मधे उभी राहिले. "साहेब, आधी तपासावी लागेल."

"अहो, माझी आहे ती," ते म्हणाले.

"म्हणूनच साहेब. माझी होती तीच नडली."

काका खुर्चीत बसून वही चाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हसू दाबताना त्यांच्या गालाला पडलेली खळी मला दिसली. अधिकाऱ्यांच्या फ्लॉपीत तोच रोग निघाला.

त्या गोष्टीचा बोभाटा झाला. पुढे देवरूखला, लांज्याला जिथे जिथे कॉम्प्युटर येत गेले, तिथून मला बोलावणी येऊ लागली. मी पट्ट्या आणि शुद्ध फ्लॉपी घेऊन जायची आणि प्रत्येक ठिकाणी आधी स्वतःची चूक सांगायची. लोक पोट धरून हसत आणि मग मन लावून ऐकत.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या आणि काका पुन्हा धक्क्यावर. आकडे भरून झाले होते. आता ते परत दाराशीच थांबत. मी "आत या" म्हणायची, ते पायांकडे बोट दाखवायचे. पुढच्या होळीच्या सुमाराला ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी चांगलं भाषण केलं. मीही बोलणार होते. त्या खुलाशाबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं, असं ठरवून आले होते. उभी राहिले आणि शुभेच्छा देऊन खाली बसले.

गावी गेल्यावर त्यांनी पत्र पाठवलं नाही, त्यांची ती सवयच नव्हती. दीड वर्षाने मी एका रविवारी संगमेश्वरला उतरून त्यांच्या गावी गेले. नदीच्या कडेने बरंच चालावं लागलं. घर सापडलं, पण काका मुलाकडे मुंबईला गेले होते, डोळ्यांच्या ऑपरेशनला. त्यांच्या बायकोने मला ओटीवर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. मी कोण ते सांगितलं.

"म्हंजे यंत्रावरची तू?" त्या म्हणाल्या. "तुजं नाव लय काडतात."

"काय म्हणतात?"

 "म्हनतात, वाचून दाखवायचं तर ऐकनारं मानूस पायजे. ती ऐकायची."

मी आणखी थोडी बसले. अंगणात भात वाळत घातलं होतं आणि त्या मधूनमधून कोंबड्या हाकलत होत्या. परत येईन म्हणून सांगितलं आणि निघाले. पुढे माझं लग्न झालं, देवरूखला आले, मुलं झाली. जायचं राहून गेलं. काका गेल्याचं मला कळलं तेव्हा त्याला वर्ष होऊन गेलं होतं. संगमेश्वरच्या स्टँडवर त्यांच्या गावचा एक जण भेटला, त्याने गाडी सुटता सुटता खिडकीतून सांगितलं. गाडी घाट चढू लागली. शेजारच्या बाईने मला विचारलं, "कोण होते तुमचे?" मी म्हणाले, "ऑफिसातले." तिने मान डोलावली आणि मला खिडकीशी बसायला जागा करून दिली.